ओवी कुठे गेली?

प्रश्न : ताई, मी भांडुपच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. दोन वर्षांपासून मुलांसाठी एक अद्भुत कादंबरीमाला लिहितेय. मुंबईच्या जुन्या सात बेटांवर सात भाग. वरळीच्या चाळीत राहणाऱ्या बारा वर्षांच्या ओवीला कळतं, की अमावस्येच्या मध्यरात्री, ओहोटीला, बुजवलेल्या खाड्या पुन्हा उघडतात आणि जुन्या बेटांवर जायची वाट दिसते. प्रत्येक बेटावर एक शंख आहे. सातही शंख वाजले नाहीत तर समुद्र आपली जागा परत घेणार. पहिला भाग लिहून झालाय : चोवीस प्रकरणं, चारशे पानं. मुख्य कथेबरोबर सहा उपकथा आहेत. आजीचा स्मृतिभ्रंश, चाळीचा पुनर्विकास, मित्र कबीरची फितुरी, कोळीवाड्यातल्या नाखव्याचा बेपत्ता मुलगा, नकाशे काढणाऱ्यांचं गुप्त घराणं आणि शाळेतलं विज्ञान प्रदर्शन. माझी अकरा वर्षांची मुलगी नवव्या प्रकरणापर्यंत आली, वही मिटली आणि म्हणाली, "आई, ओवी कुठे गेली?" उपकथा काढून टाकू का? की हल्लीच्या मुलांना दमच नाही?
— एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : आधी तुमच्या मुलीला माझ्यातर्फे चिक्कीचा एक पुडा द्या. मुलांच्या मासिकात मी सव्वीस वर्षं हस्तलिखितं वाचली. जे सांगायला मी लेखकांना दोन-दोन पानी पत्रं लिहायचे ते तिनं तीन शब्दांत सांगितलं.

आणि मुलांना दम नाही हे डोक्यातून काढून टाका. हॅरी पॉटरचा पहिला भाग १९९७ साली मूळ इंग्रजीत आला तेव्हा २२३ पानांचा होता, २००३ चा पाचवा भाग ७६६ पानांचा. मुलांनी तोही उशाशी घेऊन वाचला. मात्र क्रम बघा, आधी २२३ आणि मग ७६६. तुम्ही एकदम चारशेपासून सुरुवात केलीत. पहिल्याच भेटीत मुक्कामाची बॅग घेऊन गेल्यासारखं झालं हे.

तुम्ही पाठवलेली प्रकरणवार यादी घेऊन मी पेन्सिलनं मोजलं. सहाव्यापासून नवव्यापर्यंत चार प्रकरणांत ओवी एकदाच दिसते, तीही जिन्यातून कबीरला हाक मारण्यापुरती. सातवं प्रकरण तर बावीस पानांचं नकाशा-घराण्याचं चरित्र. मुलगी थांबली नाही तर काय करेल?

माझे मामा कीर्तनकार होते. चातुर्मासात गिरगावातल्या देवळात त्यांचं कीर्तन असे आणि मी पेटीवाल्या काकांच्या मागे, खांबाला टेकून बसत असे. सुरुवातीला मामा एक अभंग घ्यायचे. ते त्या दिवसाचं मूळपद. मग निरूपणात जे फाटे फुटायचे ते विचारू नका! सुदाम्याचे पोहे, सावकाराचा विनोद, मध्येच ट्राममध्ये भेटलेला कुणीतरी. आम्ही पोरं हसून लोळायचो. आणि नेमकं मूळपद विसरायला झालं की मामा चिपळ्या वाजवून त्याच ओळीवर परत यायचे. ओळ तीच असायची, पण आता तिचा अर्थ वेगळा लागायचा. सुदाम्यानंतर तीच ओळ गरिबीची वाटायची, सावकारानंतर हावेची. पुढे संपादक म्हणून जे काही शिकले ते या एका गोष्टीच्या पुढे फारसं गेलं नाही. उपकथेनं मूळपदावर परत यायचं आणि येताना रिकाम्या हातानं यायचं नाही.

महाभारतातला नल घ्या. वनपर्वात युधिष्ठिर खचून बसलाय आणि बृहदश्व ऋषींना विचारतोय, माझ्याहून अभागी राजा कधी झाला का? तेव्हा ऋषी नल-दमयंतीची गोष्ट सांगतात. स्वयंवर, हंस, द्यूत, वनवास, सर्पदंश, किती लांब तो फाटा! पण नलही द्यूतातच हरलेला आहे, म्हणजे गोष्ट ऐकणाऱ्याच्याच जखमेवरची आहे. आणि गोष्ट संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या देतात. पुढे विराटाच्या दरबारात युधिष्ठिर कंक नावानं लपून राहतो तो फासे खेळणारा म्हणूनच. उपकथा आली, दुःख हलकं करून गेली आणि जाताना नायकाच्या हातात पुढे कामाला येईल अशी वस्तू ठेवून गेली.

आता तुमच्या सहा उपकथांना एकेक करून विचारू, परत येताना हातात काय आणलंत? पण त्याआधी एक मोठी चूक सांगते. रागावू नका, भूगोलाच्या बाई आहात म्हणून जरा जास्तच बोचेल. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्येला मध्यरात्री ओहोटी नसते. अमावस्या-पौर्णिमेला इथे भरती दुपारी आणि रात्री साधारण बाराच्या सुमाराला येते, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. वरळी कोळीवाड्यातलं कुठलंही पोर तुमचं पहिलंच पान वाचून हसेल. तुमच्या ओवीला त्या वेळी खाडीची वाट दिसणार नाही, गळ्यापर्यंत पाणी लागेल.

मला मात्र ही चूक सापडली तेव्हा फार आनंद झाला, कारण तुमचं निम्मं कथानक तिच्यात दडलेलं आहे. मध्यरात्री घर झोपलेलं असतं. चप्पल हातात घेऊन कुणीही निसटेल, त्यात काय मोठं? वाट संध्याकाळी सहाला उघडू द्या. दिवेलागणीला चाळीतून बारा वर्षांच्या मुलीनं गायब होऊन दाखवावं! नळावर बायका, गॅलरीत पुरुष, जिन्यात पोरं, आणि "ओवी, देवापुढे दिवा लाव गं" म्हणणारी आजी. स्मृतिभ्रंश झालेली बरीच माणसं नेमकी संध्याकाळीच जास्त बावरतात, घरातल्यांना शोधत फिरतात. माझ्या सासूबाईंचं मी तीन वर्षं पाहिलंय, सहा वाजले की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. म्हणजे ज्या घटकेला समुद्र ओवीला बोलावतो त्याच घटकेला आजीला ती सर्वांत जास्त हवी असते. तुमच्या मुलीचाच प्रश्न आजीच्या तोंडी घाला, "ओवी कुठे गेली?" आजीची उपकथा आता स्वतंत्र प्रकरणात बसून रडणार नाही. ती प्रत्येक वेळी ओवीच्या पायात येईल.

पुढे बघा. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी अमावस्येला सहाला वाट उघडली तर शुक्रवारी ती साडेनऊच्या जरा आधी उघडेल. तुमच्या अकराव्या प्रकरणात शुक्रवारीही मध्यरात्रच आहे, ती बदला. मध्यरात्रीची ओहोटी हवीच असेल तर ती अष्टमीच्या सुमाराला मिळेल. पण तेव्हा भांग असते, उधाणाच्या उलट. पाणी धड चढत नाही, धड ओसरत नाही. म्हणजे वाट अर्धीच उघडणार, गुडघाभर पाण्यातून जायचं आणि परत येताना ती असेल की नाही सांगता येत नाही. शेवटच्या प्रकरणाला यापेक्षा काय हवं? हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते हे मुंबईच्या मुलांना ठाऊक असतं. त्यांना हा नियम समजावून सांगायलाही लागणार नाही. अद्भुतकथेत जादूचे नियम मनाला येतील तसे करून चालत नाही. नियम पक्का असेल तर अडचणी तोच पुरवतो, तुम्हाला बाहेरून आणाव्या लागत नाहीत.

विज्ञान प्रदर्शन मी काढून टाका म्हणणार होते. आता म्हणते, ओवीला तिथे भरती-ओहोटीचं चालतं मॉडेल करू द्या आणि तिच्या वेळांची वही तयार होऊ द्या. ती वही कबीर चोरतो. फितुरीला वस्तू लागते, नुसता मत्सर पुरत नाही. सध्या अठराव्या प्रकरणात कबीर अचानक उलटतो आणि कारण काय, तर ओवीला बक्षीस मिळालं. अकरा वर्षांची मुलंसुद्धा हे मान्य करत नाहीत. त्यांना मित्र चांगले कळतात. तुमच्याकडे खरं कारण हाताशी आहे आणि तुम्ही ते सोसायटीच्या सभांमध्ये वाया घालवताय. कबीरचं घर पोटभाड्याचं आहे असं तुम्हीच तिसऱ्या प्रकरणात एका ओळीत लिहिलंय. पुनर्विकासाची पात्र-अपात्रांची यादी लागते आणि कबीरच्या वडिलांचं नाव अपात्रांत निघतं. ओवीला नवीन घर मिळणार, त्याला नाही. अशा वेळी खाडीतून आलेला कुणी त्याला म्हणाला, "समुद्रानं जागा परत घेतली तर सगळेच अपात्र," तर ते पोर काय करेल? सभांची अठरा पानं काढा, यादीचं एक पान ठेवा. अठराव्या प्रकरणात मुलं कबीरवर चिडतील आणि मनातल्या मनात त्याची बाजूही घेतील.

राहिलं नकाशा-घराणं. हे तुमचं सर्वांत लाडकं आहे, वाक्यावाक्यातून दिसतं, आणि म्हणूनच ते पहिल्या भागातून जायला हवं. नमनालाच घडाभर तेल जळतंय. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली खाडी अठराव्या शतकात बांध घालून बुजवली, तो बांध सारखा ढासळत होता आणि देवीनं स्वप्नात येऊन समुद्रातल्या मूर्ती वर काढायला सांगितल्या, ही आख्यायिका तुम्ही बावीस पानांत एका ओळीपुरती आणली आहे. ती एक ओळ ठेवा, ओवीला बांधाच्या दगडावर पाय ठेवताना आठवू द्या, बाकी सगळं वहीत. माहीमचा भाग येईल तेव्हा घराणं तिथे आणा. माहीमचा बांध लेडी जमशेटजींच्या देणगीतून झाला, तिथे पैसा, पाणी, नकाशे असं सगळं आपसूक येतं. आणि नाखव्याचा मुलगा पहिल्या भागात दिसूच नये. त्याची रिकामी होडी एकदा दिसावी, बस.

हे सगळं डोक्यात राहत नाही, माझ्या तरी राहिलं नसतं. वह्यांना कव्हर घालतात तो खाकी कागद आणा, भिंतीला लावा. आडव्या ओळींत प्रकरणं, तिथी आणि ओहोटीची वेळ, उभ्या रकान्यांत एकेक कथा. हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाईंनी पाचव्या भागासाठी हातानं आखलेला असाच तक्ता प्रसिद्ध आहे. प्रकरणं, महिने, मुख्य कथा, भविष्यवाणी, हॅग्रिडचं काय चाललंय, प्रत्येकाला रकाना. वाचकाला जे त्या प्रकरणात दिसत नाही तेही त्यात भरलेलं आहे, ते मला महत्त्वाचं वाटतं. कबीर पानावर नसला तरी त्या दिवशी तो कुठेतरी असतोच ना? तक्ता भरल्यावर उभ्या रकान्यात सलग तीन घरं मोकळी दिसली, की ती कथा मुलं विसरली असं समजा. ओवीच्या रकान्यात एकही घर मोकळं नको.

सात भागांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण खरी कसोटी तिथे आहे. अंबा आठवा. आदिपर्वात, पहिल्याच पर्वात, भीष्म तीन बहिणींना पळवून आणतो आणि थोरली अंबा निघून जाते. मग मधली तीन पर्वं तिची गोष्ट पुढे सरकत नाही. पाचव्यात, उद्योगपर्वात, युद्ध तोंडावर आल्यावर भीष्म स्वतःच दुर्योधनाला तिची पूर्ण कहाणी सांगतो, शिखंडीवर, म्हणजे पुन्हा जन्मलेल्या अंबेवर, मी बाण का टाकणार नाही ते. आणि सहाव्यात, दहाव्या दिवशी, त्याच शिखंडीला पुढे करून भीष्माला पाडतात. आठवण कधी करून दिली बघा, उपयोग व्हायच्या जरासंच आधी. दोन भागांमध्ये वर्ष जातं, मुलं इयत्ता बदलतात. तुमच्या पहिल्या भागातली रिकामी होडी चौथ्यात कामाला येणार असेल, तर चौथ्याच्या सुरुवातीला कुणाच्या तरी तोंडून ती तरंगत आणा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पूर्वी मी स्वतः एक तीन भागांची माला लिहिली होती. खपली बऱ्यापैकी. तिसरा भाग आल्यावर परळच्या एका शाळेत कार्यक्रमाला गेले. प्रश्नोत्तरांत मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पहिल्या भागात नावाडी पाणी आणायला गेला होता, तो परत आला का?" मला नावाडी आठवेना. घरी येऊन पाहिलं. ब्याण्णवाव्या पानावर गेला होता खरा, हंडा घेऊन. तीन भाग संपले, तो विहिरीवरच होता. त्या मुलीला मी पत्र लिहून त्याचं पुढे काय झालं ते कळवलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं म्हणे. मालेत मात्र तो आजही परतलेला नाही.

प्रश्न : मुलांच्या कादंबरीत उपकथा नेमक्या किती असाव्यात? पुस्तकांत गोल गोल लिहितात. कृपया आकडा सांगा.
— एक नवोदित लेखक, बोरिवली

उत्तर : पहिल्या भागात दोन. तिसरी आणायची असेल तर आधीच्या दोघींपैकी एकीला आधी संपवा. आकडा मागितलात म्हणून दिला, भांडुपच्या बाईंना मी वर चार ठेवू दिल्या आहेत.

प्रश्न : आजी, मी सातवीत आहे. मी एक फँटसी सिरीज वाचतो. पहिल्या भागाच्या शेवटी हिरो विवरात पडतो आणि पुस्तक संपतं! पुढचा भाग यायला एक वर्ष. लेखक असं का करतात? मला राग आला. मी पण एक गोष्ट लिहिली आहे, सोबत पाठवतो. त्यात चाळीस पात्रं आहेत. मित्र म्हणतो जास्त आहेत. आहेत का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : राग आला ते बरोबर आहे. लेखकाला भीती वाटते, की तू पुढचा भाग घ्यायला येणार नाहीस, म्हणून तो तुझी कॉलर धरून ठेवतो. तू विक्रम-वेताळ ऐकलं असशील. तुझ्या बाबांनी, आजोबांनी चांदोबात वाचलं असेल, विचार त्यांना. त्यात दर वेळी गोष्ट पूर्ण होते. वेताळ प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, त्या दिवसाचा हिशेब मिटला. तरी वेताळ उडून परत झाडावर जातो, म्हणजे मोठं काम राहिलंच. आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तेही खुशीनं. आणि अगदी शेवटी राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, तेव्हा वेताळ त्याला सांगतो की ज्या योग्यासाठी तू मला वाहून नेतोयस तोच तुझा बळी देणार आहे. बघ, पहिल्यापासून जो हेलपाटा वाटत होता तो सापळा होता! तुझ्या लेखकानं हिरोला विवरात पाडायला माझी हरकत नाही. पण त्याआधी या भागाचं कोडं सोडवायला हवं होतं.

आता तुझी चाळीस पात्रं. मी बोटांवर मोजली, एकोणचाळीस भरली. एक जण दोनदा मोजलास बहुतेक. मित्राला सांग की पात्रं जास्त असली तरी बिघडत नाही, सगळी एकाच पानावर दारात उभी राहिली की बिघडतं. तुझ्या दुसऱ्या पानावर अकरा जणांची नावं आहेत. माझी लिफ्टमध्ये चढल्यासारखी गत झाली, कुणाचं तोंड दिसेना. एकेक मजल्यावर एकेक जण आत घे. आणि प्रत्येकाला एक काहीतरी दे, खोकला, फाटकी छत्री, काहीही. तुझ्या गोष्टीतला घड्याळजी मला आवडला. तो कायम दहा मिनिटं उशिरा येतो, म्हणून स्फोटातून वाचतो. त्याला मारू नकोस.

एक गोष्ट राहिली. गोष्टीतला कुत्रा तिसऱ्या पानावर मोती आहे आणि अकराव्या पानावर टिपू. दोन कुत्रे असतील तर चाळीस पुरे होतात, पण मग अकराव्या पानावर मोती कुठे आहे ते लिही.